तुम्ही विचारलंत म्हणून : ते सगळे आपापल्यातच का बसतात?

समाजशास्त्र शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न माझ्या पाठीशी आहे. विद्यार्थी वर्गात विचारतात, कुणी तास संपल्यावर दाराशी थांबून विचारतं, मुलांना दूर शिकायला पाठवणारे आईवडील फोनवर विचारतात. शब्द थोडेफार बदलतात, पण रोख एकच असतो: कायदे बदलले, शाळा एक झाल्या, ऑफिसं एक झाली, तरी जेवणाच्या सुट्टीत काळी मुलं काळ्यांबरोबर, गोरी गोऱ्यांबरोबर, आशियाई आशियाईंबरोबर, असं का? माणसाला मुळात आपल्याच वंशाची माणसं हवी असतात का?

उत्तराआधी प्रश्नाकडेच जरा बघू या. माझ्या अनुभवात हा प्रश्न जवळजवळ नेहमी लहान गटाबद्दल विचारला जातो. एका मोठ्या भोजनगृहात दहा टेबलांवर गोरीच मुलं बसलेली असतील तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. ती फक्त जेवायला बसलेली असतात. अकराव्या टेबलावर सहा काळी मुलं एकत्र दिसली, की त्यांचा लगेच 'गट' होतो आणि त्या गटाला कारण द्यावं लागतं. हे मला मनापासून खटकतं. दहा टेबलं सोडून एकाच टेबलाकडे जाब मागायचा, हा न्याय नाही.

आकडेही तेच सांगतात. अमेरिकेत 'पब्लिक रिलिजन रिसर्च इन्स्टिट्यूट'नं २०१३ साली लोकांना विचारलं होतं, की गेल्या सहा महिन्यांत तुम्ही महत्त्वाच्या गोष्टी कुणाकुणाशी बोललात? जास्तीत जास्त सात माणसं सांगायची होती. ७५ टक्के गोऱ्यांच्या यादीत एकही बिगर-गोरा माणूस नव्हता. काळ्यांमध्ये फक्त काळीच माणसं सांगणारे होते ६५ टक्के. म्हणजे आपल्यातच राहण्यात मोठा गट लहान गटाच्या मागे नव्हता, चार पावलं पुढेच होता.

यातला काही भाग निव्वळ गणिताचा आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. समजा एका कॉलेजात शंभर विद्यार्थी आहेत, नव्वद एका वंशाचे आणि दहा दुसऱ्या. प्रत्येकाला दहा मित्र. त्या दहांनी अगदी मोकळ्या मनानं आपली निम्मी मैत्री गटाबाहेर केली, प्रत्येकी पाच. अशा जोड्या झाल्या पन्नास. पलीकडे माणसं आहेत नव्वद. एका जोडीत पलीकडचा एकच माणूस असतो, त्यामुळे या पन्नास जोड्या कशाही वाटल्या तरी नव्वदांपैकी निदान चाळीस जणांच्या वाट्याला त्या दहांतला एकही मित्र येत नाही. दहा जणांनी आपलं अर्धं आयुष्य बाहेर घालवलं, तरी हे चाळीस जण अगदी प्रामाणिकपणे म्हणू शकतात, "ती मुलं आमच्यात मिसळत नाहीत." समाजशास्त्रज्ञ पीटर ब्लाउ यांनी १९७७ साली गटांच्या आकाराचा हा नियम नीट मांडला. मी तो दर वर्षी फळ्यावर सोडवून दाखवते, आणि दर वर्षी वर्गात कुणीतरी म्हणतं, हा विचार आम्ही कधी केलाच नव्हता.

पण गणितानं सगळं सुटत नाही, हेही तितकंच खरं. त्या वेळी अमेरिकेत गोऱ्यांचं प्रमाण सुमारे ६३ टक्के होतं. यादीत सातऐवजी चारच माणसं धरली आणि ती चिठ्ठ्या टाकून निवडली असती, तर चारही गोरी निघण्याची शक्यता सोळा टक्क्यांच्या आसपास येते. प्रत्यक्षातले पंचाहत्तर टक्के त्याच्या कितीतरी वर आहेत. काळे तर लोकसंख्येत तेरा टक्क्यांच्या आसपास, त्यांचे ६५ टक्के योगायोगानं येणं शक्यच नाही. मग ही माणसं एकमेकांना भेटतात कुठे, हे विचारावं लागतं.

मैत्री बहुतेक वेळा शेजारी होते. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास केला होता, तो १९५० साली प्रसिद्ध झाला. कोण कुणाचा मित्र झाला, हे बऱ्याच अंशी कुणाचं दार कुणाच्या दाराजवळ आहे यावर ठरलं होतं. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्यांशी जास्त ओळख होती, कारण वरची माणसं त्यांच्याच दारावरून ये-जा करत. आवडीनिवडी, स्वभाव, विचार जुळणं हे नंतर. आधी रोजची नजरानजर.

आणि कोण कुणाच्या शेजारी राहणार, हे सरकारांनी ठरवलेलं होतं. अमेरिकेत १९३४ साली स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशननं काळ्या वस्त्यांतल्या आणि त्यांच्या जवळपासच्या घरकर्जांना हमी द्यायचं टाळलं. दुसऱ्या एका सरकारी संस्थेच्या नकाशांवर त्या वस्त्या कर्जासाठी धोक्याच्या म्हणून लाल रंगानं भरल्या गेल्या. घर काळ्या माणसाला विकायचं नाही अशी अट खरेदीखतातच घातली जाई. अशा अटी न्यायालयांनी राबवायच्या नाहीत, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९४८ साली सांगितलं, आणि घरांच्या बाबतीतला भेदभाव बेकायदा ठरवणारा कायदा आला तो १९६८ च्या एप्रिलमध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात. दक्षिण आफ्रिकेत तर 'ग्रुप एरियाज अ‍ॅक्ट' १९५० पासून १९९१ पर्यंत होता. कुठल्या वंशाच्या माणसानं कुठल्या भागात राहायचं हे तो कायदाच सांगायचा, आणि त्याच्या जोरावर लोकांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या घरांतून उठवून दूर नेऊन टाकलं. कायदा एका दिवसात रद्द होतो. वस्त्या तशा उठून हलत नाहीत. घर आजोबांकडून आलेलं असतं, शाळा घराजवळची असते आणि मित्र शाळेतले असतात. तेव्हा "यांना आपल्याच लोकांत राहायला आवडतं" असं कुणी सहज म्हणालं, की मला त्या लाल रंगाच्या नकाशांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

आवडीचंच बोलायचं तर तान्ह्या बाळांवर झालेले प्रयोग बघा. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला वेगवेगळ्या वंशांचे चेहरे दाखवले, तर ते कुठल्याच एका चेहऱ्याकडे जास्त बघत नाही. तीन महिन्यांचं होईपर्यंत मात्र ते आपल्या वंशाच्या चेहऱ्याकडे जास्त वेळ बघू लागतं. इथेच थांबलं तर वाटेल, हे रक्तातच आहे. पण २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इस्रायलमध्ये स्थलांतरित होऊन आलेल्या इथिओपियन कुटुंबांची बाळंही होती. त्यांच्या आजूबाजूला काळी आणि गोरी अशी दोन्ही वंशांची माणसं वावरत होती, आणि त्या बाळांनी कुठल्याही एका वंशाला झुकतं माप दिलं नाही. बाळ ओळखीचा चेहरा शोधत असतं. ओळखीचे चेहरे कुठले असणार, हे मोठ्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

शेजारातून एकदा मैत्री सुरू झाली की ती स्वतःच वाढत जाते. माझ्या मैत्रिणीची मैत्रीण माझ्या घरी येते, मग ती माझीही मैत्रीण होते. सुरुवातीला थोडासाच कल असला, तरी ओळखीतून ओळख होत तो ठळक होत जातो. आंद्रेआस विमर आणि केव्हिन लुईस यांनी २०१० साली एका अमेरिकी कॉलेजातल्या मुलांच्या फेसबुक मैत्रीवरून नेमकं हेच दाखवलं. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. लांबून आपण ज्यांना सरसकट 'आशियाई' म्हणतो, ते जवळून पाहिलं तर बऱ्याचदा चिनी, कोरियन, व्हिएतनामी असे वेगवेगळे घोळके असतात. त्यांना वंशानं नव्हे, तर देशानं, भाषेनं एकत्र आणलेलं असतं. वंशाचं लेबल बघणाऱ्यानं लावलेलं असतं.

एवढं सगळं सांगूनही एक भाग उरतोच, आणि त्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं. काही वेळा माणूस खरोखरच ठरवून आपल्या माणसांत जाऊन बसतो. समोर मोकळी खुर्ची असते, बोलावणंही असतं, तरी तो तिकडे जातो. त्यात मला वावगं काही दिसत नाही.

मानसशास्त्रज्ञ बेव्हर्ली डॅनियल टेटम यांचं निरीक्षण आहे, की मिश्र शाळांतही लहानपणी मुलं सरमिसळ खेळतात आणि सहावी-सातवीच्या सुमाराला वेगळी बसू लागतात. मुलं तीच असतात, पण त्या वयात जग त्यांच्याशी वेगळं वागू लागतं. दुकानात नजर पाठलाग करते, शिक्षकांच्या अपेक्षा बदलतात, कुणीतरी केसांबद्दल बोलतं. हे घरी जाऊन गोऱ्या मैत्रिणीला सांगितलं, तर ती चांगल्या मनानंच म्हणते, "अगं, त्याच्या मनात तसं काही नसेल." झालेल्या गोष्टीचं दुःख एक, आणि ती घडली हे पटवून द्यायचे कष्ट वेगळे. तेच टेबलावरच्या दुसऱ्या काळ्या मुलीला सांगितलं, तर काहीच पटवावं लागत नाही. ती मान डोलावते आणि विषय पुढे जातो.

माझे विद्यार्थी सांगतात तेही थोड्याफार फरकानं असंच. दिवसभर वर्गात ते एकटेच असतात, आणि वंशाचा विषय निघाला की सगळ्या माना त्यांच्याकडे वळतात. आपण एक चूक केली तर ती सगळ्यांच्या नावावर लागेल, म्हणून तोलूनमापून बोलतात. उच्चार सांभाळतात, आवाज सांभाळतात. त्या टेबलावर हे काही करावं लागत नाही. दिवसभर घट्ट बांधलेले बूट काढल्यावर पायाला जे वाटतं, ते त्या तासाभरात मनाला वाटतं. ही विश्रांती आहे. विश्रांती घेणाऱ्याला "तू आमच्यापासून दूर का जातोस?" असं विचारणं मला निर्दय वाटतं.

मग मोठ्या गटानं आपल्यातच राहणं आणि लहान गटानं आपल्यातच राहणं सारखंच का? माझ्या मते नाही. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांच्या १९७०-७१ च्या प्रयोगांत शाळकरी मुलांना अगदी क्षुल्लक कारणावरून दोन गटांत टाकलं होतं. आपल्या गटात नेमकं कोण आहे हे मुलांना ठाऊकही नव्हतं, तरी बक्षिसाचे पैसे वाटताना त्यांनी आपल्या गटाला जास्त दिले. आपल्याला थोडं जास्त देण्याची ही ओढ सगळ्यांतच आहे. पण वाटायला हातात काय आहे, यावर तिचा परिणाम ठरतो. नोकऱ्या ओळखीपाळखीतून लागतात, हे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ पासून दाखवून दिलं आहे. भरती करणारे, बढती देणारे, घर भाड्यानं देणारे बहुतांशी एकाच वंशाचे असतील आणि त्यांच्या ओळखीही त्याच वंशात असतील, तर कुणाच्याही मनात द्वेष नसताना बाकीच्यांपर्यंत बातमीच पोचत नाही. अकराव्या टेबलावर अशा नोकऱ्या वाटल्या जात नाहीत. त्या वाटल्या जातात उरलेल्या दहा टेबलांवर, आणि म्हणून प्रश्न विचारायचाच तर तिथे विचारायला हवा.

हे ऐकून आईवडील हमखास विचारतात, "मग आमच्या मुलीनं काय करावं? आपल्यातच राहावं की बाहेर मिसळावं?" मी सांगते, दोन्ही करू दे. तिला तिचं टेबल लागणारच आहे, ते तिच्याकडून काढून घेऊ नका. खोली कुणाबरोबर हवी हे विचारणारा अर्ज आला, तर मात्र ओळखीची मुलगी न मागता वसतिगृह देईल ती खोली घेऊ दे. नताली शूक आणि रसेल फाझिओ यांच्या २००८ सालच्या अभ्यासात योगायोगानं काळ्या विद्यार्थ्याबरोबर राहायला लागलेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांची सुरुवात सुखाची नव्हती. एकाच वंशाचे जोडीदार मिळालेल्यांपेक्षा ते कमी समाधानी होते. तरीही काही महिन्यांत त्यांच्या मनातला न कळणारा आकस कमी झालेला दिसला. अवघडलेपण वाटलं म्हणजे काही बिघडलं, असं समजायचं कारण नाही, हे मी पालकांना आवर्जून सांगते.

आणि जे स्वतः त्या दहा टेबलांवर बसतात आणि तरीही हा प्रश्न मला कळकळीनं विचारतात, त्यांच्यासाठी निकोल शेल्टन आणि जेनिफर रिचसन यांचा २००५ चा अभ्यास आहे. त्यांनी गोऱ्या आणि काळ्या विद्यार्थ्यांना विचारलं, की भोजनगृहात दुसऱ्या वंशाच्या मुलांच्या टेबलावर तुम्ही का जात नाही? दोन्हीकडच्या मुलांना जायची इच्छा होती. आपण का गेलो नाही, याचं कारण दोघांनीही दिलं: नाकारलं जाण्याची भीती. समोरचे का आले नाहीत, याचं कारण मात्र दोघांनीही वेगळं धरलं: त्यांना रस नसेल. स्वतःची भीती दोघांना ठाऊक होती, समोरच्याची दिसली नाही. आता या दोघांपैकी आधी कुणी उठावं, असं तुम्ही मला विचाराल. दहा टेबलांवरच्यानं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला कुणी "नको" म्हटलं तर परत जाऊन बसायला त्याच्याकडे दहा टेबलं आहेत.