तुम्ही विचारलंत म्हणून: इंटरफेस ‘अप’ आहे, मग फाइल का रखडते?

‘राउटरच्या पोर्टचा दिवा हिरवा आहे, इंटरफेस अप दिसतोय, पिंगही जातंय, पण मोठी फाइल काही सरकत नाही. कॉन्फिगरेशनमध्ये काय चुकलं?’ शब्द बदलून हा प्रश्न सारखा येतो. (इंटरफेस म्हणजे राउटरचा पोर्ट आणि पिंग म्हणजे पलीकडचं यंत्र उत्तर देतं का, हे बघायला पाठवलेलं छोटं पॅकेट.) त्यावर मी आधी उलट विचारतो की केबलच्या दुसऱ्या टोकाला काय सेट केलंय? बहुतेकांकडे याचं उत्तर नसतं, आणि घोटाळा बऱ्याचदा तिथेच सापडतो. इथरनेटची लिंक दोघांची असते. एकाच बाजूचं कॉन्फिगरेशन डोळ्यांत तेल घालून वाचलं तरी अर्धीच गोष्ट कळते.

‘अप’ या शब्दावर फार भिस्त ठेवू नका. सिस्कोच्या राउटरवर ‘शो इंटरफेसेस’ दिल्यावर पहिल्याच ओळीत दोनदा अप येतं. पहिलं अप म्हणजे तारेवर सिग्नल आहे, दुसरं म्हणजे त्यावरचा प्रोटोकॉल चालू आहे. वेग किती ठरला, डुप्लेक्स कोणतं (फुल म्हणजे दोन्ही बाजू एकाच वेळी बोलू शकतात, हाफ म्हणजे आळीपाळीने), किती फ्रेम, म्हणजे तारेवरून जाणारे डेटाचे गठ्ठे, खराब होऊन येताहेत, याबद्दल ती ओळ काहीच सांगत नाही. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’ दिसलं तर मात्र केबल हलवत बसू नका, पोर्ट कॉन्फिगरेशनमध्येच बंद आहे. स्विचचे पोर्ट सहसा उघडे येतात, राउटरचे इंटरफेस बंद. स्विचची सवय असलेला माणूस ‘नो शटडाउन’ विसरतो तो यामुळे.

मांडणी तशी चार ओळींची. इंटरफेसमध्ये शिरायचं, डिस्क्रिप्शन लिहायचं, आयपी पत्ता आणि मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) द्यायचा, ‘नो शटडाउन’ म्हणायचं. मग चालू कॉन्फिगरेशन स्टार्टअपमध्ये, म्हणजे राउटर सुरू होताना वाचतो त्या प्रतीत, उतरवायचं, नाहीतर वीज गेली की सगळं गेलं. पत्ता देताना ‘ओव्हरलॅप्स’ असा निरोप आला, तर त्याच सबनेटचा (नेटवर्कच्या त्याच तुकड्याचा) पत्ता दुसऱ्या एखाद्या इंटरफेसवर आधीच आहे. डिस्क्रिप्शनमध्ये नुसतं ‘लॅन’ लिहून काही साधत नाही. समोरच्या उपकरणाचं नाव, त्याचा पोर्ट आणि सर्किट क्रमांक लिहा. रात्री दोन वाजता फोन येतो तेव्हा तीच एक ओळ कामाला येते.

आता वेग आणि डुप्लेक्स. गोंधळ जन्मतो तो इथे. दोन्ही बाजू ‘ऑटो’वर असल्या की आपापली क्षमता सांगतात आणि दोघांना जमेल तो सर्वांत चांगला पर्याय ठरतो, हीच त्यांची वाटाघाट. आता समजा, कोणीतरी एका बाजूला १०० मेगाबिट आणि फुल डुप्लेक्स असं पक्कं बसवलं. अशी पक्की बसवलेली बाजू अनेक उपकरणांत वाटाघाट करायचंच सोडून देते. ऑटोवरच्या बाजूला सिग्नलच्या धाटणीवरून वेग ओळखता येतो, पण डुप्लेक्स कळायला काहीच मार्ग नसतो. अशा वेळी हाफ धरावं, असं मानकच सांगतं. झालं, एक बाजू फुल आणि दुसरी हाफ. लिंक मात्र अप!

हाफवाली बाजू पाठवता पाठवता काही आलं की टक्कर झाली असं समजते आणि फ्रेम अर्धवट सोडते. फुलवाल्या बाजूला टक्कर हा प्रकारच ठाऊक नसतो. तिला तुटकी फ्रेम मिळते आणि ती सीआरसी (तपासणीत चुकलेल्या फ्रेम) किंवा रंट्समध्ये (फार तोकड्या फ्रेम) मोजते. म्हणून खुणाही दोन टोकांना वेगवेगळ्या दिसतात, फुलकडे सीआरसी आणि हाफकडे लेट कोलिजन, म्हणजे उशिरा कळलेली टक्कर. हाफ डुप्लेक्समध्ये टक्कर पहिल्या ६४ बाइटांच्या आतच कळायला हवी. त्यानंतर कळली तर ती लेट, आणि निरोगी लिंकवर हा आकडा शून्य असतो. पिंग का चालतं, तेही यातूनच उलगडतं. पिंगचं एक पॅकेट जातं, मग उत्तर येतं, दोघं एकाच वेळी क्वचित बोलतात. फाइल जाताना डेटा इकडून आणि त्याच्या पोचपावत्या तिकडून एकाच वेळी धावतात, आणि टकरींचा सपाटा सुरू होतो.

उपाय साधा आहे. दोन्हीकडे ऑटो ठेवा किंवा दोन्हीकडे पक्कं बसवा, एक असं आणि एक तसं नको. माझं मत विचाराल तर ऑटोच ठेवा. ‘पक्कं बसवलेलं बरं’ हा सल्ला १० आणि १०० मेगाबिटच्या सुरुवातीच्या काळातला आहे, तेव्हा काही उपकरणांची वाटाघाट खरोखरच बिघडायची. तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिटचं मानक १९९९ चं. त्यात वाटाघाट सक्तीचीच आहे, कारण घड्याळ (बिटांची लय) कोणाचं चालणार हेसुद्धा त्या दोघांना तिथेच ठरवावं लागतं.

गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच. वाटाघाट १-२ आणि ३-६ या पिनांवर होते. ४-५ किंवा ७-८ ची जोडी तुटली असेल तर दोघं मिळून गिगाबिट ठरवतात, पण लिंक उभी राहत नाही. काही उपकरणं थोड्या प्रयत्नांनंतर गुपचूप १०० वर उतरतात. तेव्हा गिगाबिट पोर्ट १०० दाखवत असेल तर कमांडच्या मागे लागण्याआधी केबल बदला आणि क्रिम्प (तारा कनेक्टरमध्ये दाबून बसवलेली जागा) तपासा. कनेक्टरपाशी जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडलेला नसावा.

जाता जाता, ‘बँडविड्थ’ ही कमांड पोर्टचा वेग बदलत नाही. पॅकेटांची वाट ठरवणाऱ्या राउटिंग प्रोटोकॉलला हिशेबासाठी आकडा पुरवते, एवढंच. ती वाढवून नेट वेगवान होण्याची वाट पाहणारे कमी नाहीत.

देखरेखीत लोक फसतात ते एकाच आकड्याकडे बघून. ‘सीआरसी ८,००० आहे, काय करू?’ कधीपासूनचे ८,०००? आउटपुटमध्ये काउंटर शेवटचे कधी पुसले ते लिहिलेलं असतं, तिथे ‘नेव्हर’ असेल तर ते दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या खराब केबलचेही असू शकतात. आकडे लिहून ठेवा, ५ मिनिटांनी पुन्हा घ्या आणि फरक बघा, दोन्ही टोकांचा. तांब्यावरच्या गिगाबिटला मानकाने दर १,००० कोटी बिटांमागे एका चुकीची मुभा दिली आहे, म्हणजे पूर्ण लांबीच्या सुमारे ८ लाख फ्रेममागे एक खराब फ्रेम. चांगली केबल याहून कितीतरी बरी वागते. दर मिनिटाला सीआरसी वाढत असेल तर दोष शोधायलाच हवा, आणि तो तुमच्याकडे येणाऱ्या दिशेचा असतो: समोरचा ट्रान्समीटर, मधली तार, तुमचा रिसीव्हर. एक मेख मात्र आहे. मधला स्विच कट-थ्रू पद्धतीचा असेल तर तो फ्रेम पूर्ण तपासण्याआधीच पुढे ढकलतो, त्यामुळे मूळ दोष त्याच्याही पलीकडे असू शकतो.

आउटपुट ड्रॉप्सचं, म्हणजे बाहेर जाण्याच्या रांगेत जागा नसल्याने पडलेल्या पॅकेटांचं, दुखणं वेगळं, त्यात केबलचा दोष नसतो. गिगाबिटवरून आलेली रहदारी १०० मेगाबिटमधून बाहेर काढायची असेल तर दर मिलिसेकंदाला पूर्ण लांबीची ८१ पॅकेट येतात आणि ८ जातात. रांग ४० पॅकेटांची असली तर अर्ध्या मिलिसेकंदात भरते, उरलेली पडतात. राउटरवर दिसणारा वेग मात्र ५ मिनिटांची सरासरी असते, तिथे १० टक्केच वापर दिसेल. ‘लोड-इंटरव्हल ३०’ देऊन सरासरी ३० सेकंदांवर आणता येते, तरीही असा झटका तिच्यात दिसायचा नाही. ड्रॉप्सचा काउंटरच बोलतो. रांग १,००० पॅकेटांची करून टाकावी असं वाटतं, पण तेवढी रांग १०० मेगाबिटवर उपसायला सुमारे १२३ मिलिसेकंद लागतात आणि फोनवरचं संभाषण अडखळू लागतं. महत्त्वाच्या रहदारीला वेगळी रांग देणं बरं. ओव्हररन आणि इग्नोर्ड (येणारी पॅकेट घेता न आल्याचे काउंटर) वाढत असतील तर राउटरचीच दमछाक होते आहे.

एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, दोन्ही टोकांना सारखाच हवा, साधारणपणे १५०० बाइट. तो जुळत नसेल तर ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलचे शेजारी राउटर एक्सस्टार्ट या सुरुवातीच्या अवस्थेत अडकून पडतात. तपासताना तुकडे न करण्याची खूण लावून पिंग करा. लिनक्स आणि विंडोजवर आकार १४७२ द्या, कारण त्यात २८ बाइटांची शीर्षकं वेगळी जोडली जातात. सिस्कोवर तोच आकार १५०० द्यायचा, तिथे शीर्षकं धरलेली असतात. या २८ बाइटांपायी बऱ्याच नाहक तक्रारी होतात.

रहदारीचे आलेख काढणाऱ्यांनी बाइट मोजणारे ३२ बिटांचे काउंटर वापरू नयेत. गिगाबिटच्या पूर्ण वेगाने असा काउंटर ३४ सेकंदांत भरतो आणि शून्यापासून पुन्हा सुरू होतो. दर ५ मिनिटांनी वाचत असाल तर सुमारे ११५ मेगाबिटच्या वर आलेखावर विश्वास ठेवता येत नाही. खरा वेग ३०० असताना तो ७१ दाखवेल. एसएनएमपीमध्ये (उपकरणांचे आकडे दुरून वाचायच्या प्रोटोकॉलमध्ये) ‘एचसी’ अक्षरं असलेले ६४ बिटांचे काउंटर त्यासाठीच आहेत. आणखी एक, सिस्कोवर ‘क्लिअर काउंटर्स’ दिल्याने पडद्यावरचे आकडे पुसले जातात, एसएनएमपीचे नाही. दोन्हींची तुलना करताना हे लक्षात असू द्या.

फायबर असेल तर मॉड्यूलची ऑप्टिकल पॉवर बसवल्या दिवशीच लिहून ठेवा. ३ डेसिबल घट म्हणजे प्रकाश निम्मा झाला. लिंक अजून चालू असली तरी कनेक्टर पुसायची वेळ आलेली असते.

दूरच्या राउटरवर, ज्या इंटरफेसमधून आत शिरलात त्याचाच वेग किंवा डुप्लेक्स बदलायचा असेल तर लिंक एकदा पडणारच. आधी चालू कॉन्फिगरेशन जपून ठेवा, मग ‘रिलोड इन १०’ द्या आणि मगच बदल करा. संपर्क तुटला तर १० मिनिटांनी राउटर जुन्या कॉन्फिगरेशनने परत उठेल, मात्र मधल्या वेळात बदल सेव्ह केलेला नसावा. संपर्क टिकला तर ‘रिलोड कॅन्सल’ द्यायला विसरू नका. ते विसरलात तर सगळं सुरळीत चालू असतानाच राउटर रीबूट होईल, आणि जो बदल करायला आलात तो सेव्ह केला नसेल तर तोही पुसला जाईल.