तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा कमाईत समाधान कुठून येतं?

‘पैशाची ओढाताण असूनही तुम्ही समाधानी कशा राहता? की तुमचा ख्रिस्ती धर्म तसं म्हणायला लावतो?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्यातली शंका रास्त आहे. आतून धुमसत असताना ‘देवाची इच्छा’ म्हणून गप्प बसणारी माणसं मीही पाहिली आहेत.

मला आधार वाटतो तो बायबलमधल्या एका पत्राचा. येशूचा प्रेषित पौल याने ते फिलिप्पै शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिलं. हे पत्र कैदेतून लिहिलेलं आहे. भरल्या पोटी आणि उपाशीपोटी, दोन्हींत कसं राहायचं हे आपण शिकलो, असं तो चौथ्या अध्यायात सांगतो. म्हणजे हा काही त्याचा जन्मजात शांत स्वभाव नव्हता. लगेच पुढे तो म्हणतो की, मला सामर्थ्य देणाऱ्या ख्रिस्ताच्या ठायी मी सर्व काही करू शकतो. हे वचन आपण परीक्षेच्या आणि नोकरीच्या यशासाठी म्हणतो, आणि मला त्याचं वाईट वाटतं. तिथे विषय यशाचा नाहीच, चणचण सोसण्याचा आहे.

आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. पौलाने हे सगळं लिहिलं ते मदत मिळाल्याबद्दल आभार मानताना. एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती त्या मंडळीने त्याला देणगी पाठवली होती. म्हणजे समाधानी माणसाला कुणाची गरज नसते, असं नाही. पौल तंबू बनवण्याचा धंदा करून स्वतःच्या हातांनी कमवायचा, आणि वेळ आली तेव्हा दुसऱ्याने दिलेलं आनंदाने घ्यायचाही. या दोन्हींत त्याला कमीपणा वाटला नाही. विश्वास ठेवला की हातपाय हलवायला नकोत, असं मानणाऱ्यांशी म्हणूनच माझं जमत नाही.

पैसा हवासा का वाटतो? माझ्या मते चैनीपेक्षा भीतीपोटी. उद्या काही झालं तर कोण उभं राहील, या प्रश्नाला पैसा उत्तर देऊ पाहतो. बायबलमधल्याच ‘इब्री लोकांस पत्रा’च्या तेराव्या अध्यायात याच भीतीला हात घातला आहे. द्रव्यलोभ सोडा, जवळ आहे त्यात तृप्त राहा, असं सांगून कारण दिलं आहे की मी तुला सोडणार नाही, टाकणार नाही, असं देवाने स्वतः म्हटलं आहे. तुमच्याकडे पुरेसं आहे म्हणून तृप्त राहा, असं तिथे म्हटलेलं नाही. माझं समाधान या सोबतीवर उभं आहे.

महिनाअखेरीस हिशेबाची वही उघडते तेव्हा खर्चाची बाजू जमेच्या पुढे गेलेली दिसली की पोटात गोळा येतोच. मग मी पेन बाजूला ठेवून येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणते. आमची रोजची भाकर आज आम्हांला दे. मागणं आजचं आहे, वर्षाच्या बेगमीचं नाही. बायबलच्या कथेत अरण्यातल्या इस्राएल लोकांनाही मान्ना, म्हणजे देवाने पुरवलेलं अन्न, दिवसापुरताच गोळा करायचा होता. काहींनी सकाळपर्यंत ठेवला तर त्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या सातव्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती आणि तेव्हा तो टिकला. प्रार्थना झाली की मी पुन्हा वहीकडे वळते. आकडे तेच असतात, पण आता कोणता खर्च टाळायचा आणि कुणाला थांबायला सांगायचं, हे थंड डोक्याने ठरवता येतं.

गरिबी पवित्र असते, असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायात आगूर नावाचा माणूस देवाला विनवतो की मला दारिद्र्यही नको आणि श्रीमंतीही नको. श्रीमंतीत देवाचा विसर पडेल आणि दारिद्र्यात चोरी करावीशी वाटेल, ही त्याची धास्ती. मला हे फार प्रामाणिक मागणं वाटतं.

आणि ज्याच्या घरी आज चूल पेटलेली नाही, त्याला माझं हे उत्तर ऐकवू नका. उघड्या, उपाशी भावाला नुसतं ‘ऊब घ्या, तृप्त व्हा’ म्हणून काय उपयोग, असं याकोब बायबलमधल्या त्याच्या पत्रात विचारतो. त्याला आधी जेवू घाला.