धुळे ग्रामीण: नावात ग्रामीण, घरपट्टी महापालिकेची

धुळ्यात वलवाडी, अवधान, महिंदळे, नकाणे या बाजूला प्लॉट घेऊन राहायला गेलेल्या माणसाला मतदानाच्या वेळी हमखास एक प्रश्न पडतो: आमना आमदार कोन शे? घरपट्टी महापालिका घेते, नगरसेवक महापालिकेचा असतो, विधानसभेच्या यादीवर मात्र ‘६ - धुळे ग्रामीण’ असे छापलेले असते. यादी चुकलेली नसते. या मतदारसंघाचा इतिहास पाहिला की हे कोडे सुटते.

२००९ च्या आधी धुळे ग्रामीण नावाचा मतदारसंघच नव्हता. या भागात साक्री रस्त्यावरच्या कुसुंब्याच्या नावाचा मतदारसंघ होता आणि शहराचा ‘धुळे’ वेगळा होता. १९७६ च्या घटनादुरुस्तीने जागांचे फेरवाटप २००१ च्या जनगणनेपर्यंत थांबवले होते. त्यामुळे सत्तरच्या दशकात आखलेल्या हद्दीच २००४ च्या निवडणुकीपर्यंत चालल्या. मधल्या काळात, १ जुलै १९९८ ला, नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तरी मतदारसंघांना धक्का लागला नाही. तेव्हा दोन्ही जिल्ह्यांत मिळून १० जागा होत्या. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर धुळ्याला ५ आणि नंदुरबारला ४ उरल्या.

पुनर्रचनेचे गणित समजून घेण्यासारखे आहे. न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या आयोगाने २००१ ची जनगणना धरली. धुळे जिल्ह्याची लोकसंख्या १७ लाख ७ हजार ९४७. तिला ५ ने भागले की एका जागेमागे सुमारे ३ लाख ४१ हजार ६०० माणसे येतात. धुळे महापालिकेच्या हद्दीतली तेव्हाची लोकसंख्याही ३ लाख ४१ हजारांच्याच घरात होती. मापात शिवलेल्या सदऱ्यासारखे शहर एका जागेत बसले. सरासरीपेक्षा १० टक्के कमी-जास्त चालते, म्हणजे शेजारची चार-दोन गावे शहरात घ्यायला आकड्यांची आडकाठी नव्हती. पण कायदा प्रशासकीय हद्दी शक्यतो न मोडण्यास सांगतो. महापालिकेची तयार रेषा समोर असताना तीच उचलली गेली. शहर झाले क्रमांक ७, आणि त्याला वेढून असलेला धुळे तालुक्याचा ग्रामीण भाग झाला क्रमांक ६. साक्री आणि शिरपूर अनुसूचित जमातींसाठी राखीव झाले, शिंदखेडा खुला राहिला.

खरी मेख आहे तारखेत. पुनर्रचनेच्या २००८ च्या आदेशात तालुका, महसूल मंडळ, महापालिका असे शब्द येतात तेव्हा त्यांचा अर्थ १५ फेब्रुवारी २००४ रोजी जी हद्द होती ती, असा धरायचा. महापालिका स्थापन झाली २००३ मध्ये. तिची पहिलीवहिली हद्द जणू फोटो काढून ठेवल्यासारखी आदेशात गोठली. पुढे २०१८ मध्ये हद्दवाढ झाली, भोवतालची गावे शहरात आली, ग्रामपंचायती गेल्या आणि डिसेंबरात तिथल्या लोकांनी महापालिकेसाठी मतदानही केले. विधानसभेची रेषा मात्र जागची हलली नाही. राज्य सरकार महापालिकेची हद्द अधिसूचनेने वाढवू शकते. मतदारसंघाची हद्द त्याच्या हातात नाही.

याचे परिणाम रोजच्या कामात दिसतात. गाव शहरात गेले की ग्रामविकास खात्याच्या २५१५ या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या सदरातून) होणारी कामे बंद होतात आणि निधी नगरविकासकडून मागावा लागतो. रस्त्यासाठी आमदार निधी हवा असेल तर अर्ज ग्रामीणच्या आमदारांकडे द्यायचा. शहराच्या आमदारांकडे दिला तर आपला मतदारसंघ नाही म्हणून परत येतो. आणि गटार तुंबले तर दोन्ही सोडून महापालिकेचे क्षेत्रीय कार्यालय. हे तिन्ही दरवाजे नेमके कशाचे, हे कॉलनीतल्या एकाला तरी माहीत हवे.

मतदारयादीतला घोळही इथूनच येतो. राज्य निवडणूक आयोग महापालिकेसाठी वेगळी नावनोंदणी करत नाही. विधानसभेचीच यादी घेऊन ती प्रभागांत फोडतो. हद्दवाढीतल्या प्रभागांची नावे क्रमांक ६ च्या यादीतून येतात, जुन्या शहराची क्रमांक ७ मधून. जुन्या शहरातल्या देवपुरातून वलवाडीत राहायला गेलेल्या माणसाने ‘शहरातल्या शहरात तर आहे’ म्हणून काही केले नाही, तर महापालिकेला त्याचे मत जुन्या प्रभागात आणि विधानसभेला जुन्या मतदारसंघात राहते. यावर उपाय नमुना ८. २०२२ पासून मतदारसंघ बदलला तरी स्थलांतरासाठी हाच अर्ज लागतो. नमुना ६ फक्त नव्या मतदाराचा. घाईत तो भरला की नाव दोन ठिकाणी येते, आणि मग एक वगळायला नमुना ७ च्या मागे धावावे लागते. पत्ता लिहिताना पिनकोडवर विसंबू नका. पिनकोड पोस्टाचा असतो, त्याचा मतदारसंघाशी संबंध नाही. शेजारच्या घरातले मतदार ओळखपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर क्रमांकाने शोधा आणि त्यांचा मतदारसंघ व यादीभाग क्रमांक बघा. यादीच्या पहिल्या पानावर मुख्य गाव, तालुका, पोलीस ठाणे आणि त्या भागात येणाऱ्या वस्त्या लिहिलेल्या असतात. आपली कॉलनी तिथे दिसली की काम झाले.

निकालांचा इतिहास थोडक्यात. २००४ मध्ये कुसुंब्यातून काँग्रेसचे रोहिदास पाटील निवडून आले. नव्या हद्दीवरच्या पहिल्याच, २००९ च्या निवडणुकीत शिवसेनेचे प्रा. शरद पाटील यांनी त्यांना हरवले. २०१४ आणि २०१९ ला रोहिदास पाटलांचे चिरंजीव कुणाल पाटील काँग्रेसकडून जिंकले. २०२४ ला भाजपचे राम भदाणे यांनी त्यांना हरवले, आणि २०२५ मध्ये कुणाल पाटीलही भाजपमध्ये गेले.

इथे एक सावधगिरी. २००४ चे कुसुंबा आणि २००९ चे धुळे ग्रामीण यांची टक्केवारी शेजारी-शेजारी मांडून ‘अमुक पक्षाची इतकी मते घटली’ असे लिहिलेले बरेच दिसते. माझ्या मते ते निरर्थक आहे, कारण जमीनच वेगळी आहे. तुलना करायचीच तर नमुना २० हे निकालपत्रक घ्या, त्यात केंद्रवार मते असतात. केंद्र क्रमांकावर मात्र जुळवू नका. मतदार वाढले की केंद्रे फुटतात आणि क्रमांक सरकतात. गाव आणि शाळेचे नाव धरून जुळवा. हद्दवाढीतली केंद्रे वेगळी काढून बघितली, तर ‘ग्रामीण’मधला उपनगरी मतदार कुठे झुकतो तेही हाती लागते. एकूण बेरजेत तो दिसत नाही.

सध्याच्या तरतुदीप्रमाणे विधानसभेच्या जागांचे फेरवाटप २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर होईल. त्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. पुढच्या वेळी बघायच्या गोष्टी दोन: जिल्ह्याला जागा किती आणि प्रशासकीय हद्दी कोणत्या तारखेच्या धरल्या. मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती मागवल्या जातात आणि जाहीर सुनावणी होते. तिथे ‘आमचा भाग शहरात घ्या’ एवढे म्हणून भागत नाही. गावाचे जनगणनेतले नाव, लोकसंख्या, हद्दवाढीच्या अधिसूचनेची प्रत आणि ते गाव काढल्यावर ग्रामीणची बेरीज १० टक्क्यांच्या आत राहते का, हा हिशेब जोडून द्यावा लागेल.