आमची वाटचाल : कपलर, चेकनट आणि एक टेंडर

जालन्यात सळईला तोटा नाही. देशभर माल जातो अशा री-रोलिंग मिला इथे उभ्या आहेत. पण सळई म्हणजे हापशाच्या दांड्यापासून खाली पिस्टनपर्यंत जाणारा रॉड नव्हे, आणि नुसता रॉड म्हणजे दुरुस्ती नव्हे. आमच्या दुकानात येणारा प्रत्येक जण ‘रॉड तुटला’ म्हणत येतो. तुकडा हातात घेतला की दिसतं, तो मधे कधीच तुटलेला नसतो. तो तुटतो आटे जिथे संपतात तिथे, कपलरच्या, म्हणजे दोन रॉड जोडणाऱ्या आतून आटे असलेल्या तुकड्याच्या, तोंडाशी. आमचा धंदा त्या सांध्याचा आहे. कपलर, तो सैल होऊ नये म्हणून आवळायचा चेकनट, साखळीचं कपलिंग, पिस्टनकडचा प्लंजर रॉड आणि फॉलोअर, असं जे सामान मोठे पुरवठादार पंपासोबत एकदा देतात आणि नंतर विसरतात, ते शोधून आणणं, नाही सापडलं तर बनवणं, हे आम्ही करत आलो.

हापशाच्या इतिहासात जालन्याचं नाव आहे, हे जालन्यातल्याच बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं. आधी विंधनविहिरींवर बसवत ते बिडाचे पंप. परदेशात एका घराने वापरायच्या पंपांच्या त्या नकला होत्या. अख्ख्या गावाने दिवसभर हापसल्यावर ते टिकणार कसे? 1960 च्या दशकाच्या शेवटी इथल्या मिशनच्या पाणीकामातल्या माणसांनी पोलादी पंप बनवला, तो जालना पंप. मागोमाग सोलापूरचा आला. सोलापूरच्या पंपाचा पाया घेऊन पुढे युनिसेफ, रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कंपनीचा चेन्नईचा कारखाना आणि मेराडो ही संशोधन संस्था यांनी मिळून इंडिया मार्क टू उभा केला. कोइमतूरकडे त्याची चाचणी झाली आणि 1979 मध्ये आयएस 9301 हे मानक आलं. आज गावोगाव ‘हापसा’ म्हणतात तो हाच. त्याचं मूळ आपल्या मातीत आहे, म्हणून त्याच्या सुट्या भागासाठी आपल्या माणसाला वणवण करावी लागते तेव्हा मला राग येतो.

दुकान वडिलांनी सुरू केलं, पण ते उभं राहिलं चाचांमुळे. चाचा लेथचे मिस्त्री. भागीदारीत त्यांनी पैसे घातले नाहीत, आपला लेथ घातला. जुना इंची लेथ, आटे काढताना हत्यार सरकवणाऱ्या लीडस्क्रूवर इंचाला चार आटे. मार्क टूचा रॉड बारा एमएमचा आणि आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1.75 एमएम. इंची लेथवर मेट्रिक आटा काढायचा तर 127 दातांचं चक्र लागतं, त्याशिवाय हिशेब बसत नाही. चाचांकडे ते होतं. तेलाच्या फडक्यात गुंडाळून ते स्वतःच्या पेटीत ठेवायचे आणि काम झालं की पुन्हा पेटीत. कोणाला उसनं दिलं नाही, मलासुद्धा बरीच वर्षं हात लावू दिला नाही. पुढे आम्ही थ्रेड रोलिंग बाहेरून करून घेऊ लागलो, कारण दाबून काढलेला आटा कापलेल्या आट्यापेक्षा दमदार असतो. तरी अडलेल्या नमुन्यासाठी आजही तेच चक्र बाहेर येतं.

चाचांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती गेज, म्हणजे आटे मोजायचं माप, वापरायची. डोळ्याने आटा बघू नये. एका वसतिगृहाच्या आवारातल्या जुन्या बिडाच्या पंपाचा रॉड आमच्याकडे आला होता. त्याआधी तो दोन वर्कशॉप फिरून आलेला. अर्धा इंची आटा म्हणून दोन्ही ठिकाणी इंचाला बारा आट्यांचं, ब्रिटिश व्हिटवर्थ मापाचं कपलर करून दिलं होतं. ते दोन फेरे जायचं आणि अडकायचं. चाचांनी पिच गेज लावलं, तर इंचाला तेरा. अमेरिकन यूएनसी आटा होता तो. बहुतेक मापांत दोन्हीकडची आट्यांची संख्या सारखी असते, फरक पडतो तो नेमका अर्ध्या इंचाला. शिवाय व्हिटवर्थचा कोन 55 अंशांचा आणि यूएनसीचा 60 चा. चाचांनी 20 आणि 65 दातांची चक्रं जोडून तेरा आट्यांचं कपलर काढलं आणि तो पंप चालू झाला. हे काम करायला किती वेळ गेला आणि त्याचे किती पैसे मिळाले हे विचारू नका. पण त्या भागात आमचं नाव झालं ते अशा कामांमुळे, टेंडरांमुळे नव्हे.

मधली वर्षं बरी गेली. आता टेंडरबद्दल.

एका जिल्ह्यातल्या पाणीपुरवठ्याच्या कार्यालयाला आम्ही काही वर्षं रॉड-कपलर पुरवत होतो. दर वर्षी उन्हाळ्याआधी मागणी यायची. त्या वर्षी माल तयार ठेवा असं तोंडी सांगण्यात आलं, कारण टंचाई आराखडा मंजूर व्हायचा होता आणि नंतर वेळ मिळणार नव्हता. आधीची सगळी वर्षं काम असंच चाललं होतं. आम्ही ब्राइट बार, म्हणजे नेमक्या मापाची गुळगुळीत सळई, घेतला, आटे रोल करून घेतले, मुलामा चढवून आणला, बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा काठापर्यंत गेली. मग टेंडर निघालं आणि एका नव्या पुरवठादाराने आमच्या खरेदीच्या किमतीपेक्षा खाली दर भरला. सर्वांत कमी दर त्याचा, काम त्याचं. कागदावर सगळं नियमाने.

तो माल मी पुढे हातात घेऊन पाहिला. बार अकरा एमएमच्या आसपासचा, वर मुलामा. बारा एमएमचा आटा अकराच्या बारवर कापून काढला तर आट्याचे माथे पूर्ण होतच नाहीत, बोथट राहतात. कपलरचं भोक उलट मोठं, म्हणजे बारीकसारीक फरक असलेला कुठलाही रॉड त्यात जावा. बोटाने फिरवला तरी शेवटपर्यंत गेला. बसवणाऱ्यांना हे आवडतं, पान्याला जोर लागत नाही. पण सांधा धरतो तो आट्याच्या पोटावर, आणि इथे पोटच नव्हतं.

हिशेब करून बघा. मार्क टूच्या सिलिंडरचा व्यास 63.5 एमएम. पाणी 45 मीटरवर असेल तर पिस्टनवर पाण्याचंच वजन 140 किलोच्या घरात जातं, रॉडचं वेगळं. दांड्याची तरफ आठास एक असते म्हणून हापसणाऱ्या बाईला ते पेलतं, पण रॉडला ती सूट नाही. मिनिटाला चाळीस वेळा हापसलं तर तासाला 2400 वेळा तो भार चढतो आणि उतरतो. बोथट आट्याने हे किती दिवस सोसावं?

आमचा माल दुकानात पडून राहिला. व्याज चालू होतं. आधीच्या पुरवठ्याची अनामतही त्याच कार्यालयात अडकली होती. त्यासाठी खेटे घातले तेव्हा ज्या टेबलावर आम्हाला आधी चहा मिळायचा तिथे कोणी वर बघत नव्हतं. दुसरा लेथ विकला. आईचं सोनं बँकेत गेलं. वडील आजारी पडले ते याच काळात. चाचा तेव्हा आपला वाटा घेऊन मोकळे होऊ शकले असते, त्यांना सुरतेकडून चांगलं बोलावणंही होतं. ते गेले नाहीत. पुढे त्या नव्या मालाचे रॉड गावोगाव तुटू लागले, रॉडच्या गोणी तालुक्याला परत येऊ लागल्या, पण त्याबद्दल कोणाला साधी नोटीस गेल्याचं मी ऐकलं नाही. उलट काही गावांत ‘जालन्याचा माल खराब’ असं पसरलं आणि त्यात आमचं नाव ओढलं गेलं. अनामत शेवटी मिळाली. तो डाग मात्र आम्ही एकेका गावात जाऊन, शेजारी शेजारी दोन रॉड ठेवून, गेज लावून पुसला. इतकी वर्षं झाली तरी हे लिहिताना हात थरथरतो.

त्या दिवसांत दुकान चालवलं भोकरदन भागातल्या मामांनी. मामा हातपंप दुरुस्ती पथकातले मेकॅनिक. त्यांच्या सायकलला, पुढे लुनाला, कायम एक गोणपाटाची पिशवी. त्यात रॉड क्लॅम्प, 17-19 चा पाना, साखळी धरायचं टेकण आणि तुटलेले तुकडे. तुकडे ते कधी फेकत नसत. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली, गाव आणि खोली लिहिलेली. सरकारी साठ्यातून आलेला नवा माल बसवायला त्यांनी नकार दिला, वरिष्ठांचं बोलणं खाल्लं, आणि ग्रामपंचायतींना सांगितलं की स्वतःच्या निधीतून पाच-दहा कपलर रोखीने घ्या, जालन्यात अमुक दुकानातून घ्या. त्या सुट्या रोख विक्रीवर आमचं व्याज निघालं. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्हा होरपळत होता, पाणी खोल गेलेलं, हापशांवर रात्री दोनला रांगा. तेव्हा मामांनी बसवलेले सांधे टिकले. हे मी स्वतः तुकड्यांच्या चिठ्ठ्यांवरून सांगतो, त्या अजून माझ्याकडे आहेत.

आता सांगायची वेळ आली आहे तर सांगूनच टाकतो, मेकॅनिक मंडळींनी मनावर घ्यावं. दोन रॉड कपलरच्या बरोबर मध्यावर भेटले पाहिजेत. एक जास्त आत गेला की दुसऱ्याला धरायला आटे उरत नाहीत. चेकनट दोन पान्यांनी आवळा, एकाने कपलर धरा. रॉड बाहेर काढल्यावर जमिनीवर टाकू नका, आट्यात माती गेली की निम्मं आयुष्य तिथेच संपतं. पाईपला घासून रॉड एका बाजूने चमकत असेल तर बोअर तिरपं आहे, रॉड पाईपच्या मध्यावर धरणारे नायलॉनचे सेंट्रलायझर घाला. कोकणातल्या जांभ्याच्या पट्ट्यात पाणी आंबट निघतं, तिथे मुलामा टिकत नाही, स्टेनलेसचाच रॉड घ्यावा आणि कपलरही स्टेनलेसचंच, दोन वेगळे धातू एकत्र जोडू नयेत. आणि ग्रामसेवकांना विनंती, नवा हापसा बसवायचा असेल तर मार्क टूच्या पुढच्या आवृत्तीचा, मार्क थ्रीचा विचार करा. पाईप न उपसता रॉडसोबत पिस्टन वर येतो, दोन-तीन माणसांत काम होतं. सुरुवातीचा खर्च जास्त म्हणून तो नाकारतात आणि मग दर दुरुस्तीला गाडी बोलावतात.

आता गावात नळ आले, सौर दुहेरी पंप आले, एकाच बोअरमध्ये सबमर्सिबल आणि हापसा दोन्ही. चांगलंच आहे. पण वीज नसते, मोटार जळते, तेव्हा लोक हापशाकडेच येतात आणि तोवर त्याची साखळी गंजलेली असते. त्यामुळे चौकशी थांबलेली नाही. चाचांचं वय झालं, ते सकाळी येऊन बसतात, त्यांचा नातू लेथ चालवतो. 127 चं चक्र आता त्याच्या ताब्यात आहे.

नमुना पाठवणाऱ्यांनी एवढं करावं : नर (बाहेरून आट्यांचा) आणि मादी (आतून आट्यांचा) दोन्ही तुकडे पाठवा, नुसता रॉड नको. आटे रॉकेलने धुवा, वायर ब्रशने घासू नका, माप बिघडतं. पंपाची खोली, पाईपचा व्यास आणि पंपावर काही अक्षरं ओतलेली असतील तर त्यांचा फोटो द्या. आणि कोणाच्या गावात, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या आवारात मार्क टूच्या आधीचा जालना किंवा सोलापूर पंप पडून असेल, तर तो भंगारात घालण्याआधी आम्हाला कळवा. भंगाराच्या भावापेक्षा जास्त देऊन आम्ही तो घेऊ. त्याच्या मूळ रॉडचा एकही धड सांधा आमच्याकडे नाही.