पडद्यावरचे कोकण आणि कामातली माणसे

शनिवार, वेंगुर्ला

‘दशावतार’ पाहून बरेच दिवस झाले, पण त्याविषयी मनासारखे लिहून झाले नव्हते. आता कार्तिकातल्या जत्रा तोंडावर आल्या आहेत, सोनुर्लीच्या माउलीच्या जत्रेची बोलणी घरोघरी निघाली आहेत, आणि रात्रभर चालणाऱ्या दशावतारी नाटकांचे दिवस सुरू होताना हा चित्रपट पुन्हा मनात घोळू लागला आहे. सुबोध खानोलकर यांचा हा चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला आणि आम्ही घरची मंडळी पणजीला जाऊन तो पाहून आलो. कोकणावरच्या चित्रपटांत माडांच्या रांगा आणि निळा समुद्र उडत्या कॅमेऱ्याने वरून दाखवण्याची पद्धत अलीकडे फारच पडली आहे. मला ती आवडत नाही, कारण येथे राहणाऱ्या कोणालाही आपले गाव असे वरून दिसत नाही. मी चित्रपटात शोधते ती कामात गुंतलेली माणसे. पडद्यावरचा माणूस ज्या कामावर पोट भरतो असे सांगितले जाते, ते काम त्याच्या हातांत मुरलेले दिसले की माझा त्याच्यावर विश्वास बसतो. ते दिसले नाही, तर पुढच्या कितीही जोरकस संवादांनी मी हलत नाही.

दिलीप प्रभावळकर यांच्या बाबुली मेस्त्रीवर असा विश्वास फार लवकर बसला. दृष्टी अधू होत चाललेला, मुलाने ‘आता पुरे’ म्हणून धरलेल्या आग्रहापुढे नमणारा आणि तरीही रंगमंचाचा नाद न सुटलेला हा दशावतारी कलावंत आमच्या ओळखीचा आहे. दशावतारात संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरते, कोणी कोणते सोंग घ्यायचे ते ठरते, आणि मग संवाद नट ऐन वेळी, पाठांतराच्या आणि ऐकून साठवलेल्या पुराणकथांच्या बळावर उभे करतो. चेहरा रंगवायलाही दुसरा कोणी नसतो. ज्याचा तो पेटाऱ्याजवळ बसतो, लहानशा आरशात पाहून आपला रंग आपणच लावतो, स्त्रीपात्र असेल तर लुगडेही आपणच नेसतो. लहानपणी मी वडिलांबरोबर देवळामागच्या रंगपटात डोकावत असे. तेथला एक वयस्क नट मला अजून आठवतो. भुवई रेखताना तो श्वास रोखून धरी, डाव्या हाताचा अंगठा कपाळावर टेकवून त्याच्या आधाराने उजवा हात स्थिर करी आणि कमान एकाच ओढीत पूर्ण करी. मग काडी पुसून ठेवताना आरशाकडे पुन्हा पाहतही नसे. प्रभावळकरांच्या बाबुलीत मला त्या नटाची सगळी ऐट दिसली. घरात वाकून चालणारा हा म्हातारा अंगावर सोंग चढले की पाठीच्या कण्यापासून बदलतो. १९९१ सालच्या ‘चौकट राजा’तला नंदू मी शाळकरी वयात पाहिला होता, त्याच नटाने वयाची ऐंशी ओलांडल्यावर असे अंगमेहनतीचे काम करावे, याचे मला मनापासून कौतुक वाटते. शेजारी बसलेल्या आमच्या सासूबाई हळूच म्हणाल्या, “तेका दिसणा नाय, पण हात चुकणत नाय.” या भूमिकेविषयी मला याहून नेमके काही सुचत नाही.

मध्यंतरानंतरचा भाग मात्र मला तितका पटला नाही. खाणीचा प्रश्न पुढे येतो आणि कथा सूडाच्या वाटेला लागते. खाण म्हणजे काय हे आमच्या तालुक्याला सांगावे लागत नाही. रेडीला लोहखनिजाच्या खाणी कित्येक दशकांपासून आहेत आणि पलीकडे दोडामार्ग तालुक्यातल्या कळण्यात २०२१ च्या पावसाळ्यात खाणीचा बांध फुटून गाळाचे पाणी वस्तीत आणि शेतात शिरले होते. हे संकट गावात एखाद्या खलनायकाच्या चेहऱ्याने येत नाही. ते सातबाऱ्यावरच्या नावांच्या वादातून येते, भावकीतल्या फुटीतून येते, एका भावाने घेतलेल्या आगाऊ रकमेतून आणि दुसऱ्याच्या गढूळ झालेल्या विहिरीतून येते, आणि कोण कोणाच्या बाजूने उभे आहे हे गावालाच पुष्कळ दिवस कळत नाही. चित्रपटाने हा गुंता थोडा वेळ जरी धरून ठेवला असता, तरी बाबुलीचा संताप आणखी खोल गेला असता. अनेकांनी या चित्रपटाची तुलना २०२२ च्या ‘कांतारा’शी केली, ती मला मान्य नाही. तेथे दैव, म्हणजे गावाचा रक्षक देव, माणसाच्या अंगात येते आणि माणूस बाजूला होतो; दशावतारी नट मात्र आपण सोंग घेतले आहे हे जाणून रात्रभर देव होतो आणि सकाळी रंग पुसून मिळेल त्या वाहनाने पुढच्या गावाला जातो. बाबुलीचे दुःख नटाचे आहे, आणि ज्या ज्या प्रसंगांत दिग्दर्शकाने हे ध्यानात ठेवले आहे ते सगळे प्रसंग उत्तम झाले आहेत.

सोमवार

काल दुपारी मुलांच्या आग्रहाखातर ‘मुंज्या’ पुन्हा पाहिला. त्याचे दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांना कोकणातले घर आणि त्या घरातली माणसे कळतात, हे त्यांच्या २०१३ सालच्या ‘नारबाची वाडी’पासून दिसलेले आहे. तेथेही प्रभावळकर होते, आणि त्यांचा नारबा आपल्या वाडीतल्या झाडांकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजर येथल्या प्रत्येक बागाईतदाराच्या घरात पाहायला मिळते. ‘मुंज्या’त सुहास जोशी यांची आजी जोवर पडद्यावर आहे तोवर मला भीतीही वाटली आणि जिव्हाळाही; पुढे संगणकाने घडवलेल्या भुताची धावपळ वाढली तसे माझे लक्ष उडाले. ‘छावा’विषयी थोडेच लिहिते. विकी कौशल यांनी जीव ओतून काम केले आहे, पण ज्या संगमेश्वरात फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराज पकडले गेले, तो नद्यांचा आणि दाट झाडीचा मुलूख मला त्या गर्जनांच्या आणि वाद्यांच्या कल्लोळात कोठेच जाणवला नाही. तिथल्याच कसब्याच्या कर्णेश्वर मंदिराच्या परिसरात उभे राहिल्यावर जो सुन्नपणा येतो, त्याचा अंशही चित्रपटगृहात आला नाही, आणि याचे मला वाईट वाटले.

मंगळवार

पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ घरी पाहिला. मे २०२४ मध्ये कान महोत्सवात त्याला ग्रां प्री हा पुरस्कार मिळाला तेव्हापासून तो पाहायचा होता. प्रभा आणि अनू या मुंबईतल्या दोन मल्याळी परिचारिकांची ही गोष्ट आहे. पण माझ्यासाठी ती तितकीच त्यांच्या रुग्णालयात स्वयंपाकाचे काम करणाऱ्या पार्वतीची आहे, आणि ही भूमिका छाया कदम यांनी केली आहे. नवऱ्याच्या मागे राहत्या खोलीवर हक्क सांगायला पार्वतीच्या हाती एकही कागद नाही, बिल्डरला जागा हवी आहे, आणि शेवटी ती मुंबई सोडून रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते. एवढी साधी गोष्ट पाहताना माझे डोळे वाहू लागले, त्याचे कारण आमच्या घरात आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर माझे काका लालबागची खोली सोडून गावी आले ते कायमचेच. काकी नेहमी सांगे की त्यांनी आणलेल्या ट्रंकेत भांडी कमी आणि कागद जास्त होते: रेशनकार्ड, भाड्याच्या पावत्या, गिरणीचे ओळखपत्र, सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दोऱ्याने बांधलेले. ती पिशवी काकांनी पुढे कित्येक वर्षे दर पावसाळ्याच्या आधी उन्हात ठेवली आणि पुन्हा बांधून ठेवली. ज्या बाईकडे असा कागदच नाही ती शहरात काय धरून उभी राहणार, हे छाया कदम यांनी एकदाही आवाज न चढवता दाखवले आहे. पार्वती आणि प्रभा रात्री बिल्डरच्या जाहिरातफलकावर दगड मारतात तो प्रसंग मला फार आवडला, कारण त्यात रागाइतकाच मोकळेपणा आहे आणि दोघींच्या मैत्रीची तो प्रसंग साक्ष देतो.

गावाकडे आल्यावर पार्वतीचे चालणे बदलते, हे मी आवर्जून लिहून ठेवते. मुंबईत ती अंग चोरून चालते; गावात तिचे पाऊल पसरट आणि सैल पडते, पायवाटेची सवय असलेल्या बाईचे पडते तसे. घर उघडल्यावर तिने अनूबरोबर केलेला नाचही तसाच मोकळा आहे. आमच्या सासूबाईंना चित्रपट संथ वाटला आणि त्या मध्येच उठून निवडलेले तांदूळ डब्यात भरायला गेल्या, पण पार्वती गावी पोहोचली तशा परत येऊन बसल्या आणि शेवटपर्यंत उठल्या नाहीत. त्यांनी उपस्थित केलेली एक शंका मलाही रास्त वाटते. या गावात माणसे फार कमी दिसतात. परगावचा तरुण आणि एक तरुणी कोकणातल्या गावात फिरू लागली, तर तासाभरात त्यांची चौकशी होते: कोणाकडे उतरलात, आडनाव काय, जेवण झाले का. त्या चौकशीत आपुलकी असते आणि पहाराही असतो. अनू आणि तिचा प्रियकर शियाज यांना मुंबईत न मिळालेला एकांत येथे मिळतो, हे कथेला आवश्यक आहे, हे मला समजते. परंतु येथल्या बायकांना तो एकांत किती दुर्मीळ आहे, हे दिग्दर्शिकेला दिसले असते तर मला अधिक आनंद झाला असता. समुद्रातून वर काढलेल्या अनोळखी माणसाला प्रभा वाचवते आणि गावची बाई त्याला तिचा नवरा समजते, तेथे मात्र गावाची ही नजर अचूक पकडली आहे.

गुरुवार

अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ कितीही वेळा पाहिला तरी मला नवा वाटतो. २०१४ मध्ये बर्लिन महोत्सवात त्याला मुलांच्या परीक्षकांनी क्रिस्टल बेअर दिले, आणि मुलांनीच तो निवडावा हे योग्यच झाले. वडिलांच्या निधनानंतर आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेला चिन्मय, त्याचा वर्ग, बंड्यासारखा वांड पण प्रेमळ मित्र, आणि सरकारी कचेरीत एकटी पडलेली आई, एवढाच ऐवज आहे. पार्थ भालेराव यांचा बंड्या आमच्या शाळेच्या पटांगणात आजही भेटतो. पावसात किल्ल्यावर मित्र आपल्याला सोडून निघून गेले हे कळल्यावर चिन्मयची जी अवस्था होते, ती पाहताना पावसाचा आवाज मी श्वास धरून ऐकते. दिग्दर्शकानेच छायाचित्रणही केले आहे, म्हणून की काय, या चित्रपटातला पाऊस सजावटीसाठी आलेला नाही. दप्तर भिजते, सायकल घसरते, कौलांतून उजेड कमी येतो, आणि घरातली दोन माणसे त्यामुळे आणखी कमी बोलतात. अमृता सुभाष यांनी साकारलेली आई कचेरीतल्या फायलीवर सही करावी की नाही या पेचात असताना मुलाशी चिडून बोलते, आणि त्या चिडण्याचे मूळ मुलाला कळत नाही पण आपल्याला कळते. बदलीच्या नोकरीत वाढलेल्या माझ्या मैत्रिणी हा प्रसंग पाहून गप्प होतात.

शनिवार

रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ घाटावरच्या कोरड्या मुलखात घडतो, तरीही तो याच वहीत लिहिते आहे, कारण माणसांना त्यांच्या रोजच्या व्यवहारात पाहण्याची जी रीत मला हवी असते ती येथे पूर्णपणे सापडली. २०२५ च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांच्या विभागातले सर्वोच्च पारितोषिक त्याने मिळवले. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, लग्नासाठी घरच्यांनी वेठीस धरलेला त्याचा बालमित्र बाळ्या, आणि दोघांमध्ये हळूहळू उमलणारे प्रेम. पार्श्वसंगीत नाही; शेळ्यांचे आवाज, भांड्यांचे आवाज, लांबून येणारी हाक, एवढ्यावर चित्रपट उभा आहे. सुतकात अनवाणी राहायचे, अमुक खायचे नाही, अमुक घालायचे नाही हे नियम नातेवाईक जितक्या सहजपणे सांगतात, तितक्याच सहजपणे ‘लग्न कधी’ हेही विचारतात. जयश्री जगताप यांनी केलेली आनंदची आई मला फार मोठी वाटली. मुलगा जसा आहे तसा तिला ठाऊक आहे, आणि ती त्याच्याविषयीचे प्रश्न नातेवाइकांच्या घोळक्यात स्वतःवर घेते. आमच्याकडे अशा आया आहेत, त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही, आणि म्हणून हा चित्रपट गावोगावी दाखवला जावा असे मला कळकळीने वाटते.

याच नजरेने कोणी आमच्या किनाऱ्यावर यावे. वेंगुर्ल्यात काजूच्या कारखान्यात बी फोडणाऱ्या बायका बोटांना राख किंवा तेल लावून बसतात, कारण टरफलातला चीक कातडी जाळतो. तरीही त्यांची बोटे काळी पडतात आणि लग्नसराईत त्या हात पदराखाली घेतात. एक हात यंत्राचा दांडा ओढतो, दुसरा बी ठेवतो आणि त्याच क्षणी बाजूला होतो, आणि हे चालू असताना मुलीच्या सोयरिकीपासून भिशीच्या पाळीपर्यंत सगळ्या गोष्टी होतात. पहाटे बंदरावर मासळीचा लिलाव होतो तेव्हा बोली लावणाऱ्या बाईचे डोळे टोपलीवर असतात आणि कान समोरच्या व्यापाऱ्याच्या श्वासावर. छाया कदम यांच्यासारखी अभिनेत्री त्या टोपलीमागे बसावी, आणि दिग्दर्शकाने पहिल्या बोलीपासून पैसे मोजून कनवटीला लावेपर्यंतचा तो लिलाव मध्ये न तोडता पूर्ण दाखवावा, असा चित्रपट मला पाहायचा आहे.