खचलेली कड वर आली, आणि मी रोजचा नेम मोडला

दुर्बिणीचा आरसा मी घरी हाताने घासून घडवते आहे. काल रात्री साडेअकराला टेस्टरचं पातं आरशावरून परतणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत सरकवलं आणि आरशाच्या दोन्ही कडांना केसाएवढी उजळ रेघ दिसली. दोन्ही कडांना! पातं बाहेर घेतलं, पुन्हा आत नेलं. मग आरसा स्टँडवर पाव वळसा फिरवला, पाच मिनिटं थांबले आणि परत पाहिलं. रेघ होतीच. सात आठवडे एका बाजूची रेघ गायब असायची आणि तिच्या जागी मळकट, विरघळल्यासारखी किनार दिसायची. काल पहिल्यांदा काच जिथे संपते तिथे ती स्वच्छ संपली. झोप लागायला मग दोन वाजले.

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की पॉलिश संपलं, आता फक्त फिगर (आरशाला नेमका आकार देणं) उरली. ते घाईचं विधान मागे घेते. आरसा तोच, १५० मिमी, एफ/८ (फोकसचं अंतर व्यासाच्या आठपट). लेझरचा ठिपका मध्यापासून कडेच्या आत बोटभर अंतरापर्यंत काचेवर दिसेनासा झाला होता, म्हणून मी पूर्ण झालं असं धरलं. कडेच्या त्या बोटभर पट्ट्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. फूको टेस्ट (आरशावरून परतणारा दिव्याचा प्रकाश पात्याने कापून आकारातले दोष पाहायची पद्धत) लावली तेव्हा बाहेरचे सहा मिमी खचलेले, म्हणजे जास्त घासले गेलेले, निघाले.

ज्यांनी हे भोगलंय त्यांना सांगायला नको, पण नवीन मंडळींसाठी लिहिते. सहा मिमी म्हणजे थोडकं वाटतं. पण ती पट्टी गोल फिरून सगळ्या घेराला आहे, आणि घेराजवळच क्षेत्रफळ जास्त असतं. तिथून येणारा प्रकाश फोकसमध्ये जमत नाही, भोवती पसरतो, आणि गुरूचे पट्टे दुधाळ होतात. ज्या काकांकडून मी हे सगळं शिकले ते फोनवर म्हणाले, "अगं, मास्क लाव आणि मोकळी हो. काळ्या कागदाचं कडं, विषय संपला." सल्ला चुकीचा नाही. बाहेरचे तीन-तीन मिमी झाकले तरी १४४ मिमी उरतात, प्रकाश आठ टक्क्यांच्या आसपास जातो. डोळ्याला फरक कळणारही नाही. पण खचलेली पट्टी सहाची होती आणि मास्क लावायचा तर तो पूर्ण लावायला हवा. शिवाय कड का खचते हे कळल्याशिवाय मला पुढच्या आरशाला हात घालायचा नव्हता.

मग सुरू झाले उपाय. आधी स्ट्रोक (घासताना आरसा पुढेमागे सरकवायचे हेलकावे) आखूड केले, व्यासाच्या एक तृतीयांशवरून एक पंचमांशवर आणले. आठवडाभरात कड जरा सुधारली आणि मग पुन्हा पडली. बेव्हल (काचेच्या धारेवरचा तिरपा काप) फार बारीक उरला होता, तो कार्बोरंडमच्या दगडाने पुन्हा काढला. काहीच फरक नाही. लॅपच्या, म्हणजे आरसा ज्यावर घासतात त्या पिच (डांबरासारखा पदार्थ) लावलेल्या तबकडीच्या, खाचा बुजत आल्या होत्या, त्या उकरल्या आणि जाळी दाबून बारीक ठोकळे पाडले. दोन दिवस छान गेले, तिसऱ्या दिवशी कड पहिल्यापेक्षा वाईट. या "दोन दिवस छान, तिसऱ्या दिवशी वाईट" प्रकाराने मला जेरीस आणलं. काही बदललं नाही म्हणावं, तर सुधारणा डोळ्यांसमोर होती. बदललं म्हणावं, तर ती टिकत नव्हती.

या काळात मी सामानावर बराच संशय घेतला. सीरियम ऑक्साइडच्या (पॉलिशच्या पुडीच्या) एका पाकिटात खरोखरच जाड कण निघाले आणि तीन बारीक ओरखडे पडले. त्या विक्रेत्याकडून पुन्हा घेणार नाही. तुम्हीही कोणाचंही सीरियम पाण्यात ढवळून, जाड गाळ खाली बसू देऊन वरचंच वापरा. त्याला दहा मिनिटं लागतात. पण ओरखडे वेगळे आणि कड वेगळी. कडेचा दोष सीरियमवर ढकलता येत नाही.

उत्तर शेवटी वहीत सापडलं. मी प्रत्येक बैठकीची तारीख, किती वाजता सुरू, किती वेळ, स्ट्रोक आणि टेस्टचा निकाल लिहिते. सगळ्या ३१ बैठका एका कागदावर ओळीने मांडल्या आणि कड बिघडलेल्या बैठकांपुढे तांबड्या पेनाने खूण केली. तेरा खुणा झाल्या. त्यातल्या अकरा बैठका अर्ध्या तासाच्या होत्या, संध्याकाळी ऑफिसातून आल्यावरच्या.

या अर्ध्या तासांचा इतिहास असा. वर्षाच्या सुरुवातीला मी ठरवलं होतं, रोज थोडं तरी करायचं. खंड पडू द्यायचा नाही. फोनवर रोजची खूण करायचं एक ॲप घेतलं आणि सलग ४० दिवस खूण केली. त्या ४० चा मला अभिमान होता, तो आजही पुसलेला नाही, कारण त्याच नेमाने मी खरखरीत घासणीचे कंटाळवाणे टप्पे पार केले. ८० नंबर, १२०, २२० आणि पुढे ६०० पर्यंत. तिथे अर्धा तास हा अर्धा तासच असतो. काचेवर पूड टाकली, पाणी शिंपडलं, घासलं, धुतलं, संपलं. उद्या तिथूनच पुढे.

पिचचं तसं नाही. पिच घट्ट दिसतं, पण ते वाहत असतं, अगदी हळू. लॅप दोन दिवस नुसता ठेवला तरी त्याचा आकार आरशाच्या आकाराशी जुळेनासा होतो आणि बाहेरची किनार पसरते. त्यावर थेट आरसा ठेवून घासायला लागलं तर संपर्क सगळीकडे सारखा नसतो आणि बाहेर पसरलेला पिच कडेला कुरतडतो. म्हणून आधी आरसा लॅपवर ठेवून, वजन देऊन, दोघांना एकमेकांशी जुळू द्यायचं. कोल्ड प्रेस. हे सगळ्यांना माहीत आहे, मलाही माहीत होतं. अर्ध्या तासात चाळीस मिनिटांचं प्रेस बसत नाही, म्हणून मी ते पाच मिनिटांवर आणलं होतं. आणि दमलेली असले की तळव्याचा भार नकळत कडेवर जायचा, हेही वहीत दोनदा लिहिलेलं सापडलं: "आज हात जड." लिहिलं मीच, पण कधी परत वाचलं नाही.

हे कळल्यापासून एक विचार डोक्यातून जात नाहीये. "रोज थोडं तरी" हा सल्ला सगळीकडे मिळतो, व्यायामाला, वाचनाला, नवी भाषा शिकायला. तो चांगला आहे. पण ज्या कामाला मांडामांडीचा वेळ लागतो तिथे तो काम पुढे नेत नाही, उलट मागे ओढतो. माझं ऑफिसचं काम हिशेब तपासायचं. महिनाअखेरीला दोन खाती जुळवताना पहिला पाऊण तास नुसता आकडे डोक्यात बसवण्यात जातो. त्या पाऊण तासात कागदावर काहीच उमटत नाही. मग कोणीतरी पंधरा मिनिटांच्या मीटिंगला बोलावतं आणि परत आल्यावर तो पाऊण तास पुन्हा पहिल्यापासून. इतकी वर्षं मला वाटायचं की माझं लक्ष लागत नाही. आता वाटतं, माझा लॅप दर वेळी प्रेस न करता वापरला जात होता. गेल्या आठवड्यात मी साहेबांना सांगून महिनाअखेरचे दोन दिवस सकाळी दहा ते एक मीटिंग बंद करून घेतल्या. त्यांनी लगेच हो म्हटलं. इतक्या वर्षांत मी विचारलंच नव्हतं.

विल्यम हर्शेलची गोष्ट आपल्या आरसे घडवणाऱ्यांत नेहमी निघते. पेशाने संगीतकार, दिवसभर वादन आणि शिकवण्या, उरलेल्या वेळात आरसे. १७८१ साली त्याने युरेनस पाहिला तो ६.२ इंची आरशातून, म्हणजे आपल्या सहा इंचीहून जेमतेम मोठ्या. त्याची बहीण कॅरोलाइन हिने लिहून ठेवलंय की सात फुटी दुर्बिणीचा आरसा पुरा करताना त्याने सलग १६ तास हात उचलला नाही, आणि ती त्याला घास भरवत होती. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते. मला आता तिच्यात वेगळं दिसतं. सुरू केलेल्या कामात खंड पडला की काय बिघडतं हे त्या माणसाला हातांनी कळलं असावं. त्याचा आरसा धातूचा होता, आपला काचेचा, तेव्हा १६ तासांची कोणाला गरज नाही. पण सोळा तास एकदा आणि अर्धा तास बत्तीस वेळा यांची बेरीज सारखी असली तरी काम सारखं होत नाही.

तर नवा लॅप. जुना पिच मऊच होता, अंगठ्याचं नख दहा सेकंद दाबलं की खोल खळगा पडायचा. तो खरवडून टाकला आणि राळ थोडी वाढवून नवा कडक पिच ओतला. या वेळी व्यास १४६ मिमी ठेवला, आरशापेक्षा चार कमी, आणि दर बैठकीआधी पसरलेली किनार ब्लेडने कापायची असं ठरवलं. चौकोनांचा मध्य आरशाच्या मध्यावर येऊ दिला नाही, नाहीतर मध्यात गोल वळी उमटतात. आठवड्यातून दोनच बैठका, शनिवार आणि रविवार. कोमट पाण्याने लॅप जरा सैल करायचा, मग चार किलो वजन ठेवून चाळीस मिनिटं प्रेस. पाऊण तास पॉलिश. मग धुवून, पुसून, स्टँडवर ठेवून दोन तास काही करायचं नाही.

हे दोन तास मला सगळ्यांत जड गेले. हाताच्या उबेने काच फुगते, त्यामुळे लगेच टेस्ट केली तर आपण आरसा पाहत नाही, आपल्याच हाताची ऊब पाहत असतो. विश्वास नसेल तर आरशावर अंगठा अर्धा मिनिट टेकवा आणि पात्याआडून बघा, चक्क टेकडी उभी राहते आणि हळूहळू विरते. माझ्या मुलीला हा प्रयोग इतका आवडला की तिने पाचही बोटांच्या टेकड्या करून पाहिल्या. पहिल्या दोन शनिवारी त्या दोन तासांत मी ऑफिसचे मेल पाहिले आणि टेस्टला बसले तेव्हा डोळे थकलेले होते. तिसऱ्या शनिवारी फोन दुसऱ्या खोलीत ठेवला आणि खिडकीशी बसून राहिले. वाचलं नाही, गाणीही लावली नाहीत. अर्ध्या तासाने अस्वस्थपणा ओसरला. त्या रात्री पात्याआड मला जे झोन (आरशावरचे गोल पट्टे) दिसले ते आधी कधी इतके स्पष्ट दिसले नव्हते. या दोन तासांसाठी मी आता शनिवारची वाट पाहते.

चार आठवडे, आठ बैठका. खचलेली पट्टी सहावरून चारवर, मग दीडवर, आणि काल बेव्हलच्या आत. मुलगी पात्याला डोळा लावून म्हणाली, "आई, आता दोन्हीकडे चमकतंय." तिला मी काय शोधायचं ते सांगितलं नव्हतं, म्हणून तिची साक्ष मला मोलाची वाटते.

इथून पुढे पॅराबोला (मध्याकडे किंचित जास्त खोल असा आकार) करायचा, असं मी ही नोंद लिहायला बसले तेव्हा ठरलेलं होतं. आकडे काढून ठेवलेत. वक्रतेची त्रिज्या २४०० मिमी. माझ्या टेस्टरमध्ये दिवा आणि पातं एकत्र सरकतात, म्हणून मध्य आणि कड यांच्या फोकसमध्ये १.१७ मिमी फरक दिसायला हवा. सध्या आरसा जवळजवळ गोलच (चेंडूच्या पृष्ठभागाच्या तुकड्यासारखा) आहे, पातं सरकवलं की सगळा एकदम करडा होतो. एफ/८ ला गोल ठेवला तरी पाव तरंगाची (चूक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पाव भागाएवढीच असावी, ही) मर्यादा तो किंचितच ओलांडतो. म्हणून काम तसं थोडं आहे, लांब स्ट्रोकच्या एक-दोन बैठका. आणि लांब स्ट्रोक म्हणजे पुन्हा कडेला धोका.

पण लिहिता लिहिता हबल अवकाश दुर्बिणीची आठवण झाली. तिच्या २.४ मीटरच्या आरशाची कड सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासली गेली होती, आणि ते उघड झालं १९९० साली दुर्बीण अवकाशात गेल्यावर. ज्या उपकरणाने आरसा तपासला त्यातलंच एक भिंग चुकीच्या अंतरावर बसलं होतं. दुसऱ्या, साध्या टेस्टनी चूक दाखवली होती, पण त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. मी सात आठवडे एकाच टेस्टवर विसंबून आहे, एकाच स्टँडवर, एकाच खोलीत.

म्हणून बेत बदलला. पॅराबोला थांबेल. आधी आरसा आहे तसाच, कोटिंगशिवाय (चकचकीत धातूचा थर न देता), ट्यूबमध्ये टाकून ताऱ्यावर पाहणार. उघडी काच चार टक्के प्रकाश परत देते, म्हणजे उजेड ३० मिमीच्या दुर्बिणीएवढा पण बारकावा पूर्ण १५० चा. चंद्राला आणि ठळक ताऱ्यांना तेवढा पुरतो. फोकसच्या आत आणि बाहेर वर्तुळं कशी दिसतात ते चित्र काढून ठेवेन. दोन्ही टेस्ट एकच सांगत असतील तरच लांब स्ट्रोक.

दुय्यम आरसा बसवून झाला आहे. सेलच्या (आरसा धरणाऱ्या चौकटीच्या) तीन क्लिपा आज दुपारी लावल्या, कागद सरकेल इतपत सैल. ट्यूब बाहेर ठेवली आहे, काच हवेइतकी गार व्हायला अजून तासभर तरी जाईल.