टेस्ला कॉइल आणि अर्ध्या वेढ्याचा घोळ
घरी टेस्ला कॉइल, म्हणजे हवेत लांब ठिणग्या सोडणारा हाय-व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर, बनवायला घेतली. सेकंडरीचे (बारीक तारेच्या उंच कॉइलचे) हजारेक वेढे मान मोडून गुंडाळले, वार्निश मारलं, आणि ठिणगी काय तर बोटभर! मला वाटलं कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) गेला. एका जुन्या खेळाडूने सांगितलं, अरे ट्यूनिंग बघ. टेस्लाने १८९१ मध्ये मांडलेली ही सगळी आयडियाच मुळी प्रायमरी (खालची, मोजक्या वेढ्यांची) आणि सेकंडरी या दोन्ही कॉइलची फ्रिक्वेन्सी जुळण्यावर चालते, आणि गंमत म्हणजे टोरॉइडवरून (सेकंडरीच्या वरच्या टोकावरच्या धातूच्या कड्यावरून) ठिणग्या सुटल्या की कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) वाढून सेकंडरीची फ्रिक्वेन्सी खाली येते, म्हणून प्रायमरीचा टॅप, म्हणजे वायर जोडायची जागा, थोडा पुढे घ्यायचा. अर्धा वेढा वाढवला आणि फटाक्, हातभर ठिणगी!

अर्थिंगला मात्र वेगळा रॉड ठोका, घरच्या वायरिंगला जोडू नका. आणि कपॅसिटर रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर लावाच, स्विच बंद केला तरी कपॅसिटरमधला चार्ज जीव घेऊ शकतो.